रक्त बेटाचे, प्रश्न कुणाचा?

अनोळखी माणसाशी बोलणे सुरू झाले की आपल्याकडे दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला असतो : "तुमचं मूळ गाव कोणतं?" स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी हा द्वीपसमूह आहे आणि त्यात वेस्ट्रे नावाचे सुमारे सहाशे वस्तीचे बेट आहे. २०२३ मध्ये या बेटाच्या बाबतीत हाच प्रश्न वैद्यकीय तपासणीचा निकष ठरला. चार आजी-आजोबांपैकी एकाचा जरी जन्म वेस्ट्रेचा असेल, तर बीआरसीए-१ या जनुकातल्या एका विशिष्ट बदलाची तपासणी करून घेण्याची सोय तिथे प्रायोगिक योजनेतून झाली. हा बदल अंगात असला की स्त्रियांना स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. घरात आधी कुणाला कर्करोग झाला होता का, याचा पुरावा कुणी मागत नाही. मूळ गाव पुरते.

या बदलाचा शोध दोन धागे जुळल्यामुळे लागला. अ‍ॅबरडीनच्या आनुवंशिकी चिकित्सालयातल्या डॉक्टरांना ऑर्कनीशी नाते असलेल्या रुग्ण-कुटुंबांत तोच तो बदल पुन्हापुन्हा दिसत होता. दुसरीकडे एडिंबरा विद्यापीठाचे प्रा. जिम विल्सन, जे स्वतः ऑर्कनीचेच, यांच्या अभ्यासात २००५ पासून दोन हजारांवर बेटवासीयांनी आपणहून नाव नोंदवले होते. दोन्हीकडची माहिती एकत्र आली तेव्हा कळले, की ऑर्कनीत मूळ असलेल्या लोकांत सुमारे शंभरात एकाकडे हा बदल आहे आणि त्याच्या मुळ्या वेस्ट्रेत जातात.

अशा शोधांचे श्रेय कशाला द्यायचे, याबद्दल माझा प्रस्थापित मताशी वाद आहे. ते मत आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेले असते : दूरची बेटे म्हणजे निसर्गाने आयती मांडून ठेवलेली प्रयोगशाळा. शास्त्रज्ञाने जावे, रक्ताचे नमुने घ्यावेत, निष्कर्ष काढावा. लोकांशी बसून बोलणे, समाजाची अनुमती घेणे, निष्कर्ष त्यांना परत सांगणे हा सगळा सौजन्याचा भाग. वेळ आणि पैसा असेल तर अवश्य करावा, पण विज्ञान त्यावाचून अडत नाही. हे मत नीतीच्या दृष्टीने अपुरे आहे, असे अनेकांनी म्हटले आहे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. ते विज्ञान म्हणूनही चुकीचे आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो दुबळा नाही. एखाद्या बेटावर मोजकी माणसे वस्तीला येतात किंवा मोठ्या आपत्तीतून मोजकीच वाचतात. त्यांच्यातल्या एकाकडे एखादा दुर्मीळ जनुकीय बदल असतो. पुढच्या पिढ्यांच्या सोयरिकी आपापसात होत गेल्याने तो बदल वस्तीत पसरतो आणि मुख्य भूमीवर लाखात एखादा सापडणारा आजार बेटावर घरोघरी ओळखीचा होतो. पॅसिफिक महासागरातल्या पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास आलेल्या वादळानंतर जेमतेम वीस माणसे उरली. त्यांच्यातल्या एकाकडून आलेल्या बदलामुळे आज तिथे दहा-वीस माणसांमागे एकाला रंगच दिसत नाहीत आणि भर उन्हात डोळे उघडवत नाहीत. जगात इतरत्र ही अवस्था हजारो माणसांत एखाद्याची असते. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कून्यावर १८१६ नंतर वसलेल्या मूठभर कुटुंबांच्या वंशजांत दम्याचे प्रमाण असेच विलक्षण आहे. त्याचे जनुक शोधायला १९९३ मध्ये टोरांटोहून संशोधक तिथे गेले. वेगवेगळ्या मुळांच्या लाखो माणसांत जे जनुक गर्दीत हरवते, ते इथे उठून दिसते. मग पूर्वपक्ष विचारतो, यात समाजाचा हातभार कोणता? जनुक तर सभा भरवून बदलत नाही. प्रत्येक व्यक्तीची लेखी संमती घेतली की झाले. उलट गावकी जमवण्यात जी वर्षे जातात, तेवढ्या वर्षांत माणसे मरतात.

उत्तर याच पिंगेलॅपपासून सुरू करतो. त्या वादळाचा काळ, त्यातून वाचलेल्यांची संख्या, कुणापासून कोणते घराणे वाढले, हे संशोधकांना कळले कशावरून? तिथे लेखी दप्तर नव्हते. वादळाला नाव होते, वाचलेल्यांची आठवण होती, आणि वंशावळी लोकांच्या तोंडी होत्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या मौखिक वंशावळींवरच आनुवंशिकीचा अभ्यास उभा राहिला. रक्ताच्या नमुन्यातून एवढेच कळते की दोन माणसांकडे एकच बदल आहे. तो कुठून आला आणि कुठवर गेला असेल, हे नात्यांच्या आठवणीतून कळते. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या किंवा दारोदार जाऊन कुळी सांगणारे हेळवी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वंशावळ हे ज्ञान आहे आणि ते कुणाच्या तरी ताब्यात असते. म्हणजे प्रयोगशाळा-मताचे सर्वांत लाडके उदाहरणही बेटवासीयांनी जपलेल्या ज्ञानावर उभे आहे; फक्त श्रेयाच्या हिशेबात ते कधी धरले गेले नाही.

आता वेळेच्या मुद्द्याकडे येऊ. समाजाला वळसा घातला की काम लवकर होते, हा दावा इतिहासावर घासून पाहावा. आइसलंडमध्ये १९९६ मध्ये डीकोड जेनेटिक्स ही कंपनी निघाली. डिसेंबर १९९८ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला, की साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदी एका केंद्रीय संग्रहात घालाव्यात. जो नकार कळवणार नाही त्याची संमती गृहीत धरली जाणार होती. संग्रह चालवण्याचा परवाना डीकोडला मिळाला. देशाची लोकसंख्या तेव्हा तीन लाखांच्याही आत. डॉक्टरांत आणि नागरिकांत वाद पेटला आणि सुमारे वीस हजार लोकांनी नकार नोंदवला. एका मुलीने आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी संग्रहात घालू नयेत म्हणून दावा लावला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. वडिलांच्या आनुवंशिक माहितीवरून मुलीबद्दलही अनुमान काढता येते, हे न्यायालयाने मान्य केले. तो संग्रह कधीच उभा राहिला नाही. याच कंपनीने वेगळ्या वाटेने, प्रत्येकाची लेखी संमती घेऊन जे नमुने जमवले, त्यात मात्र पुढे दीड लाखांहून अधिक लोक सामील झाले आणि जनुकविज्ञानातले कितीतरी महत्त्वाचे निष्कर्ष त्यातून आले. जवळची वाट कोणती होती, हे यावरून ठरवावे.

टोंगाचे उदाहरण आणखी बोलके आहे. नोव्हेंबर २००० मध्ये मेलबर्नच्या ऑटोजेन कंपनीने जाहीर केले, की टोंगाच्या आरोग्य मंत्रालयाशी करार झाला असून तिथल्या लोकांच्या जनुकांतून मधुमेह आणि लठ्ठपणाची कारणे शोधली जातील. कंपनीने व्यक्तिगत संमतीची हमी दिली होती. औषध सापडले तर टोंगाला वाटाही कबूल केला होता. कागदावर काही उणे राहिले नव्हते. तरी चर्चच्या मंडळींनी आणि मानवी हक्क चळवळीने तो करार हाणून पाडला. त्यांचा आक्षेप नेमका होता : टोंगात माणूस हा मोठ्या विस्तारित कुटुंबाचा भाग असतो, त्याच्या रक्तात त्या सगळ्यांचा वाटा आहे, आणि त्या कुटुंबाला कुणी विचारलेच नाही. योजना बारगळली.

शेजारच्याच सामोआत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला. अमेरिकी संशोधक स्टीफन मॅकगार्वी १९७० च्या दशकापासून तिथे येत-जात होते. तिथल्या आरोग्य खात्याबरोबर, गावोगाव फिरून केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन हजारांवर सामोअन लोकांच्या तपासणीतून सीआरईबीआरएफ या जनुकातला एक बदल सापडला. तो वजन वाढवतो आणि त्याच वेळी मधुमेहाचा धोका मात्र कमी करतो. जितके वजन तितका मधुमेह, या सरधोपट समजुतीला त्याने छेद दिला. एकाच महासागरातली दोन शेजारी राष्ट्रे, एकच रोग. एकीकडे एका घोषणेत सगळे आटोपायचे होते आणि हाती काही लागले नाही. दुसरीकडे चाळीस वर्षांचे येणे-जाणे होते आणि तिथे ज्ञान निर्माण झाले.

यापेक्षा खोल मुद्दा प्रश्नाचा आहे. कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवतो कोण? न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, बे ऑफ प्लेंटी भागात एका विस्तारित माओरी कुटुंबात तीस वर्षांत पंचविसांहून अधिक माणसे पोटाच्या कर्करोगाने गेली. त्यात कोवळ्या वयाची मुलेही होती. लोक दबक्या आवाजात शापाबद्दल बोलत. १९९० च्या दशकाच्या मध्यात हे कुटुंबच ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांकडे गेले. आपली वंशावळ, आपल्या मृतांची नोंद आणि आपले रक्त घेऊन गेले. पॅरी गिल्फर्ड आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आला. ई-कॅडहेरिन प्रथिनाच्या जनुकातला दोष पोटाच्या आनुवंशिक कर्करोगाचे कारण असल्याचे त्यात प्रथमच सिद्ध झाले. निबंधाच्या लेखकांत त्या कुटुंबातल्या माणसांचीही नावे आहेत. आज जगभर या जनुकाची चाचणी होते आणि ज्यांच्यात दोष सापडतो ते कर्करोग होण्याआधी जठर काढून घेऊन जगू शकतात. प्रश्न कुटुंबाचा होता, म्हणून उत्तरही घरी परतले.

त्याच माओरी समाजाबद्दल २००६ मध्ये ब्रिस्बेनच्या एका परिषदेत दुसरा निष्कर्ष मांडला गेला. एमएओए या जनुकाचा एक प्रकार माओरींत जास्त आढळतो, असा तो होता. वृत्तपत्रांनी 'योद्ध्याचे जनुक' म्हणून तो उचलला आणि हिंसा, जुगार, व्यसन यांची सांगड एका समाजाच्या रक्ताशी घातली गेली. हा प्रश्न कोणत्याही माओरी घराने विचारलेला नव्हता. नमुना तोकडा होता, आणि जनुकापासून वागणुकीपर्यंतच्या साखळीत गरिबी, जमिनी गमावणे, वसाहतीचा इतिहास यांना जागाच नव्हती. विज्ञान म्हणूनच तो मुद्दा लंगडा होता. ज्या लोकांबद्दल विधान करायचे ते लोक खोलीत असते, तर ही उणीव पहिल्याच बैठकीत कुणीतरी दाखवली असती. समाजाचा सहभाग हा चुका पकडणारा डोळाही असतो.

जनुकावाचूनच्या गोष्टी पाहायलाही तोच डोळा लागतो. ऑर्कनीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार लाखामागे ४०२ होते. अ‍ॅबरडीन परिसरात ते बरेच कमी होते. उत्तरेकडचे ढगाळ हवामान, कमी ऊन, म्हणून ड जीवनसत्त्वाची उणीव, असा तर्क सहज सुचतो. पण तिथल्या स्वयंसेवकांचे रक्त तपासले तेव्हा ऑर्कनीकरांचे ड जीवनसत्त्व मुख्य भूमीपेक्षा कमी नव्हते, आणि शेतकऱ्यांत तर ते चांगलेच होते. शेतीत किती राबता, सुट्टीत परदेशी कुठे जाता, असल्या घरगुती प्रश्नांची उत्तरे लोकांनी मनापासून दिली म्हणून सोपा तर्क बाद झाला. कोडे अजून सुटलेले नाही, पण चुकीची वाट बंद होणे हेही थोडे नाही.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची गोष्ट तर थेट जीवनमरणाची. कार्निटिन हे द्रव्य शरीराच्या पेशींत चरबीपासून ऊर्जा मिळवायला लागते. ते पेशीत पोहोचवणाऱ्या यंत्रणेचा आनुवंशिक दोष जगात हजारो माणसांत एखाद्याला असतो, फेरोत सुमारे तीनशेंत एकाला. धडधाकट तरुण अचानक हृदय थांबून मरतात, आणि शरीरातले कार्निटिन घटवणारी काही प्रतिजैविके हा धोका वाढवतात. मांस आणि मासे यांत कार्निटिन असते, त्यामुळे आहारालाही इथे अर्थ आहे. उपाय साधा आहे : कार्निटिन औषध म्हणून घेणे. पन्नास हजारांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात २६,४६२ जणांनी तपासणी करून घेतली, म्हणजे अर्ध्याहून अधिक माणसांनी. जनुकाचा शोध आणि वाचलेले प्राण यांच्यामध्ये हे हजारो लोकांचे दवाखान्यापर्यंत चालत जाणे असते. कोणत्याही पेटंटने ते विकत घेता येत नाही. ते विश्वासाने होते.

आता दुसऱ्या टोकाच्या मताचाही विचार केला पाहिजे. काहीजण म्हणतात, असल्या साऱ्याच संशोधनाला बेटांनी दार बंद करावे. त्यांचा राग खोटा नाही. १९९० च्या दशकात जगभरच्या समूहांचे नमुने जमवण्याच्या मानव जनुक विविधता प्रकल्पाला आदिवासी चळवळींनी 'रक्तपिपासू प्रकल्प' म्हटले. पापुआ न्यू गिनीतल्या हागाहाई माणसाच्या रक्तपेशींवर १९९५ मध्ये अमेरिकी सरकारी संस्थेला पेटंट मिळाले आणि निषेधानंतर १९९६ मध्ये ते सोडून द्यावे लागले. हे सारे घडले आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. दार लावले म्हणून रोग बाहेर राहत नाही. तो आधीच घरात आहे. त्या माओरी कुटुंबाने दार लावून घेतले असते तर पुढच्या पिढीतही तरुण माणसे तशीच गेली असती. नकाराचा हक्क पक्का हवा, कारण तो असला तरच होकाराला किंमत येते. टोंगाचा नकार आणि त्या कुटुंबाचा पुढाकार ही एकाच अधिकाराची दोन रूपे आहेत.

सर्वांत कठीण आक्षेप राखून ठेवला होता. समाज म्हणजे नेमका कोण? धर्मगुरू, सरपंच, मंत्री? ते बोलतील तेच सगळ्यांचे मत का? आणि घरातल्या एका बाईला तपासून घ्यायचे असेल, पण गावाने नाही म्हटले तर? या आक्षेपात तथ्य आहे आणि माझ्या बाजूने ते निर्मळपणे मान्य केले पाहिजे. समाजाची अनुमती व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. ज्याला स्वतःबद्दल जाणायचे नाही त्याच्यावर माहिती लादता येत नाही, आणि ज्याला जाणायचे आहे त्याला गावकीने अडवता येत नाही. पण उलट बाजूही तेवढीच खरी आहे. जनुक एकट्याचे नसते. एका बहिणीचा निष्कर्ष दुसरीबद्दल, मावशीबद्दल, अजून न जन्मलेल्या मुलीबद्दल काही सांगतोच, आणि आइसलंडच्या न्यायालयाने हेच ओळखले. म्हणून प्रश्न समाजाशी मिळून ठरवावा आणि रक्त द्यायचे की नाही हे व्यक्तीने ठरवावे. दोन्ही पायऱ्या लागतात, आणि त्यांचा क्रमही हाच.

हा क्रम चुकला तर काय होते, हेही आइसलंडने दाखवले. तिथे बीआरसीए-२ मधला एक जुना बदल अनेकांत आहे आणि कंपनीच्या माहितीवरून ते वाहक ओळखता येत होते. पण नमुने घेताना "तुम्हाला कळवायचे का?" हे विचारलेले नव्हते. त्यामुळे माहिती असूनही माणसांना सांगता येईना, आणि वर्षानुवर्षे वाद चालला. २०१८ मध्ये शेवटी एक संकेतस्थळ उघडले, जिथे ज्याला हवे त्याने आपणहून विचारावे. सुरुवातीलाच केलेला एक साधा प्रश्न ही वर्षे वाचवू शकला असता. संमती घेण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात माणसे मरतात, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडावा.

हे सगळे दूर समुद्रातले म्हणून सोडून देता येणार नाही. बेट पाण्यानेच होते असे नाही. रोटी-बेटीच्या बंधनांनीही होते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेचे डॉ. कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की दक्षिण आशियातल्या अभ्यासलेल्या अडीचशेहून अधिक समूहांपैकी ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आहे. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात भुलीचे एक औषध उतरवणाऱ्या विकराची कमतरता अनेकांत आढळते, आणि जाणते भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी त्याची विचारपूस करतात. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीतल्या आदिवासी समाजांत सिकल सेल आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सात कोटी लोकांच्या तपासणीची मोहीम सुरू केली, हे चांगलेच झाले. पण तपासणीचे कार्ड हातात देणे सोपे असते. त्या कार्डावरून मुलीची सोयरीक मोडणार नाही असा समज गावात रुजवणे अवघड असते, आणि ते गावच करू शकते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सुरुवातीला सिकल सेलचाच अभ्यास केला होता. तो प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता, तो आम्हाला महत्त्वाचा वाटला होता, अशी कबुली डॉ. अभय बंग यांनी पुढे दिली. एवढ्या मोठ्या संशोधकाची ही कबुली माझ्या मते या साऱ्या वादातला सर्वांत भारी पुरावा आहे.

म्हणून सिद्धान्त असा : रक्त बेटाबाहेर नेता येते, त्याचा अर्थ मात्र बेटावरच राहतो. तो नात्यांच्या आठवणीत असतो, कामाधंद्यात आणि ताटात असतो, लग्नाच्या बोलण्यात असतो, आणि दवाखान्याची पायरी चढायची की नाही या निर्णयात असतो. ज्याला तो अर्थ हवा त्याने लोकांना आधी प्रश्न विचारू द्यावा. वेस्ट्रेची नात आज आपल्या आजीचे गाव सांगते आणि त्या एका उत्तरावर तिची तपासणी होते. ते गाव तिला कुणा शास्त्रज्ञाने सांगितलेले नाही. तिच्या घराने ते विसरू दिले नाही.